कॅम्प पचमढीला, पण सुरुवात सावनेरपासून!

हिवाळा सुरू झाला की कॉलेजच्या रोव्हर-रेंजरवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच विषय चालू होतो, पचमढी. कोण येणार, स्लीपिंग बॅग कोणाकडे आहे, गाडी कोणाच्या काकांची, घरच्यांना कोण पटवणार. मग कुणीतरी मॅपचा स्क्रीनशॉट टाकतो आणि खाली लिहितो, 'पहाटे निघू, कुठे थांबायचं नाही, दुपारी कॅम्पवर.' त्यावर धडाधड अंगठे पडतात. प्लॅन फायनल!

आमचं म्हणणं या 'कुठे थांबायचं नाही'बद्दल आहे.

स्काऊटिंग म्हणजे शाळेतला खाकी गणवेश, स्कार्फ आणि झेंड्याला सलामी, एवढंच अनेकांच्या डोक्यात असतं. पण कॉलेजच्या वयातल्या मुलांसाठी रोव्हर आणि मुलींसाठी रेंजर असे स्वतंत्र विभाग आहेत, आणि रानातले कॅम्प, पदभ्रमण, सेवाकार्य हा त्यांचा गाभा आहे. भारत स्काऊट्स आणि गाइड्स या संस्थेचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीतच आहे. साहसी शिबिरंही तिथे होतात. म्हणून देशभरातली मुलं सातपुड्याच्या या पठारावर येतात. पुण्या-मुंबईकडची बहुतेक मंडळी रेल्वेने पिपरियाला उतरतात आणि घाट चढून वर जातात. विदर्भातल्यांना मात्र एक जास्तीची संधी आहे. नागपूरहून सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली असा सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता थेट पचमढीला जातो. हा रस्ता नुसता 'कापायचा' की बघायचा, एवढाच प्रश्न आहे.

दोन टोकं, दोन्ही चुकीची

रोड ट्रिपचे दोन प्रकार आपल्याकडे हमखास दिसतात. पहिला वर सांगितला तो. गाडीत बसायचं, गाणी लावायची, डुलक्या काढायच्या आणि डोळे उघडायचे ते थेट मुक्कामाला. दुसरा प्रकार याच्या उलटा. नेटवरून 'टॉप १५ पॉइंट्स'ची यादी काढायची आणि एकेका ठिकाणी दहा मिनिटं उतरून रील करायची. यादी पूर्ण होते, पण रात्री जेवताना कुणी विचारलं, 'सकाळी ते काय पाहिलं रे आपण?' तर फोन उघडूनच सांगावं लागतं.

स्काऊटिंगमध्ये यावर एक जुना खेळ आहे. रुडयार्ड किपलिंगच्या 'किम' या कादंबरीवरून बेडन-पॉवेल यांनी तो घेतला, म्हणून नाव 'किम्स गेम'. ट्रेमध्ये चोवीस वस्तू मांडायच्या, एक मिनिट बघू द्यायच्या, वर कापड टाकायचं आणि काय काय होतं ते लिहायला सांगायचं. खेळ पोरकट वाटतो. खेळून बघा, पहिल्या वेळी बाराच्या पुढे जाताना घाम फुटतो. हाच खेळ रस्त्यावर खेळता येतो. एखाद्या ठिकाणी पंधरा मिनिटं फोन खिशात ठेवायचा, गाडीत परत बसल्यावर प्रत्येकाने काय पाहिलं ते सांगायचं आणि एकाने ते लॉगबुकमध्ये उतरवायचं. फोटो नंतर काढा की, कुणी अडवलंय! पण आधी बघा.

आता प्रश्न येतो, बघायचं काय? 'त्या रस्त्याला आहे काय एवढं?' असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं तपशिलात सांगतो.

नागपूर कोणी वसवलं?

सावनेर सोडलं की थोड्याच वेळात महाराष्ट्राची हद्द संपते. मराठी मात्र संपत नाही. सौंसर आणि बाजूचं पांढुर्णा हा सगळा पट्टा मराठी बोलतो, संत्री पिकवतो आणि पोळा आपल्यासारखाच साजरा करतो. आज हा भाग मध्य प्रदेशात आहे, याचं आश्चर्य वाटत असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानीच नागपूर होती. राज्यांच्या सीमा बदलल्या, पण घरात बोलायची भाषा बदलली नाही. सौंसरला चहाला थांबलात तर टपरीवाल्या काकांशी हिंदीत सुरुवात करू नका, एवढं केलं तरी पुरे. पुढच्या गप्पा आपोआप होतात.

छिंदवाड्याच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून आत गेलं की देवगडचा किल्ला आहे. पाटीकडे लक्ष गेलं नाही तर गाडी सरळ पुढे निघून जाईल. पण नागपूरच्या मुलांनी तरी इथे थांबायलाच हवं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर शहराचा पाया घालणारा गोंड राजा बख्त बुलंद शाह या देवगडचा होता. आपण शहराचा इतिहास बहुतेक वेळा भोसल्यांपासून सुरू करतो. त्याआधीचं पान या डोंगरात आहे. पडक्या भिंती, पाण्याची टाकी, झाडांनी वेढलेले दरवाजे. तिकीट काढून बघण्यासारखं 'शो-पीस' इथे काही नाही. पण आपण ज्या सीताबर्डीत शॉपिंग करतो आणि ज्या महालात खाऊगल्ली शोधतो, त्या शहराची मुळं इथे आहेत हे उभं राहून बघण्यात मजा आहे.

छिंदवाड्यात आदिवासी संग्रहालय आहे. १९५४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयाला पुढे बादल भोई यांचं नाव देण्यात आलं. ते याच भागातले, ब्रिटिश सत्तेविरुद्ध उभे राहिलेले आदिवासी पुढारी. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांच्याच नावाने आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांच्या नव्या संग्रहालयाचं उद्घाटन झालं. इथे एक तास द्या. पुढच्या रस्त्यावर जी माणसं भेटणार आहेत, गोंड, कोरकू, भारिया, त्यांची अवजारं, दागिने, वाद्यं, घरं आधी इथे बघून घेतली की पुढे आपण त्यांच्याकडे 'बघायला आलेले' राहत नाही. निदान दोन गोष्टी माहीत असलेले पाहुणे होतो.

कोळसा, पाणी आणि झाडं

छिंदवाडा मागे पडला की परासियाच्या कोळसा खाणी लागतात. ट्रक, धूळ, काळे पडलेले रस्ते. 'सीनिक' अजिबात नाही! पण भूगोल घेतलेल्यांनो, इथे काच खाली करा. सौंसरपर्यंत जी काळी माती दिसत होती ती दख्खनच्या लाव्ह्याची, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. परासियाचा कोळसा त्याहून कितीतरी जुना, पंचवीस कोटी वर्षांच्याही मागचा. आणि पचमढीला ज्या कड्यांवर तुम्ही रॅपलिंग करणार आहात तो वालुकाश्म आहे. कोळशाच्या आणि वालुकाश्माच्या या थरांना भूशास्त्रात 'गोंडवाना' म्हणतात. दक्षिणेकडचे सगळे खंड एकत्र होते त्या महाखंडाला जगभर जे नाव आहे तेच हे. एकोणिसाव्या शतकात मध्य भारतातल्या याच खडकांच्या अभ्यासातून ते पुढे आलं. म्हणजे अंटार्क्टिकावर काम करणारा शास्त्रज्ञ 'गोंडवाना' म्हणतो तेव्हा तो आपल्या शेजारच्या गोंडांच्या प्रदेशाचं नाव घेत असतो.

याच टप्प्यात आणखी एक गोष्ट घडते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. सौंसरच्या पुढे रस्ता कन्हान नदी ओलांडतो. पेंच आणि कन्हान या दोन्ही नद्या दक्षिणेकडे वाहतात. नागपूरच्या नळाला येणारं पाणी त्यांचंच. ते पुढे वैनगंगेतून गोदावरीला आणि बंगालच्या उपसागराला जातं. परासिया ओलांडून तामियाकडे चढताना कुठेतरी पाणलोट बदलतो. पलीकडची दुधी आणि देनवा नर्मदेकडे जातात, म्हणजे अरबी समुद्राकडे. पावसाचा एक थेंब रस्त्याच्या या बाजूला पडला तर एका समुद्रात आणि त्या बाजूला पडला तर दुसऱ्या समुद्रात! टोपोशीटवर ती रेषा शोधायचं काम गाडीतल्या दोघांना द्या. नकाशा वाचायचा सराव कॅम्पच्या वर्गात करण्यापेक्षा हा बरा.

झाडांचंही तसंच. विदर्भाचं रान सागाचं. पचमढीच्या पठारावर मात्र शालवृक्षांचे पट्टे दिसू लागतात. कोणत्या वळणावर पहिला शाल दिसला, यावर पैज लावा. हरणाऱ्याने सगळ्यांना भजी द्यायची.

पाताळकोट: थांबायचं कसं?

आता या रस्त्यावरच्या सर्वांत मोठ्या आकर्षणाकडे येऊ. तामियाजवळ जमीन एकदम खाली जाते. घोड्याच्या नालेसारख्या आकाराची खोल दरी, बाराशे-पंधराशे फूट खाली, सुमारे ऐंशी चौरस किलोमीटरचा प्रदेश आणि त्यात बारा गावं. हे पाताळकोट. राहणारे मुख्यतः भारिया आणि गोंड. कुटकी-मक्याची शेती, मोहफुलं, चारोळी, मध, हिरडा-बेहडा आणि औषधी वनस्पतींचं पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान यावर इथलं जगणं चालतं. वरून बघितलं तर डोळे फिरतात, इतकं सुंदर आहे.

आणि नेमकी इथेच आपली परीक्षा होते. 'पाताळात राहणारे लोक', 'जगापासून तुटलेलं गाव', 'इथे काळ थांबलाय' असली कॅप्शन टाकलेले व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. कदाचित शेअरही केले असतील. खाली रस्ता गेलाय, शाळा आहे, मुलं आश्रमशाळेत आणि कॉलेजात जातात, माणसं मजुरीसाठी बाहेर जातात, मोबाइलही आहेत. भारिया समाजाला इथे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली अधिवासाचे हक्क मिळाले आहेत. म्हणजे या दरीवर त्यांचा कायदेशीर हक्क आहे. काळ थांबलेल्या ठिकाणी लोक अर्ज करून, बैठका घेऊन हक्क मिळवत नाहीत.

म्हणून साधा विचार करा. तुमच्या वाड्यात, चाळीत किंवा सोसायटीत वीस अनोळखी मुलं शिरली, तुमच्या आजीचा न विचारता फोटो काढला, धाकट्या भावाच्या हातात चॉकलेट कोंबून त्याला कॅमेऱ्यासमोर उभं केलं, तर तुम्हाला कसं वाटेल? तेच इथे. विचारल्याशिवाय फोटो नाही. मुलांना चॉकलेट आणि नाणी वाटायची नाहीत. जडीबुटी 'ट्राय' करायची नाही आणि उपटायची तर मुळीच नाही. खाली उतरायचं असेल तर गावातला वाटाड्या घ्या आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. जेवण गावात मिळत असेल तर डबे उघडू नका, तिथेच जेवा. आणि एवढं करायला वेळ नसेल, तर वरच्या कड्यावरून दरी बघा आणि पुढे चला. अर्ध्या तासात गाव 'करून' येण्यापेक्षा न जाणं चांगलं.

रोव्हरांचं ब्रीद एका शब्दाचं आहे, सेवा. सेवा म्हटलं की आपल्याला रक्तदान शिबिर आणि वृक्षारोपण आठवतं. दुसऱ्याच्या अंगणात नीट वागणं ही त्याची पहिली पायरी.

पचमढी कोणी 'शोधली'?

पचमढीला पोचलात की कुठला ना कुठला फलक किंवा गाइड सांगेल, कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी पचमढी शोधली. १८६२ मध्ये ते इथे आले, 'बायसन लॉज' बांधलं आणि मध्य भारताच्या डोंगराळ भागावर लिहिलेलं त्यांचं पुस्तक १८७१ मध्ये प्रसिद्ध झालं. हे सगळं खरं. पुढे मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात नागपूरचं ऊन टाळायला इथे येऊ लागलं, हेही खरं. पण 'शोधली'?

फोर्सिथ आले तेव्हा इथे कोरकू ठाकूर होते. पचमढीच्या गुहांमधली शैलचित्रं तर हजारो वर्षांची आहेत. त्यात शिकारी आहेत, मध काढणारी माणसं आहेत, नाचणारे आहेत. बाजूच्या बोरीचं जंगल भारतातल्या सर्वांत जुन्या राखीव जंगलांपैकी एक, १८६५ चं. ते राखीव होण्याआधी भभूतसिंग या बंडखोर कोरकू जहागीरदाराकडून जप्त झालं होतं. आणि आपली विदर्भातली माणसं? ती पिढ्यान्‌पिढ्या महादेवाच्या यात्रेला इथे येताहेत. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडावर चढतात, नागपंचमीला नागद्वारीला जातात. तुमच्याही घरात 'महादेवाला जाऊन आलेले' आजोबा असतील. त्यांना विचारा, कसे गेले होते, कुठे कुठे मुक्काम केला होता. जुन्नारदेवजवळच्या एका ठिकाणाला आजही 'पहिली पायरी' म्हणतात. यात्रा तिथून सुरू झाली असं मानायचं. चौरागड अजून कितीतरी लांब असतो, पण पाय जमिनीवर पडले की यात्रा सुरू. आजोबांना हे कळत होतं, आपण मात्र इमारतीच्या गेटवर हजेरी लागली की कॅम्प सुरू झाला असं मानतो.

स्काऊटिंगच्या इतिहासातही असंच एक विसरलेलं पान आहे. भारतात ही चळवळ आली ती इंग्रज आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना सुरुवातीला प्रवेश नव्हता. तो मिळवण्यासाठी ज्यांनी आपले पर्याय उभे केले त्यांत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, अॅनी बेझंट होते. आणि नागपूरचे व्हिव्हियन बोसही होते. पुढे ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले, सर्वोच्च न्यायालयातही गेले. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन आजची भारत स्काऊट्स आणि गाइड्स बनली. गाइड्सची संघटना पुढच्या वर्षी त्यात आली. तुमच्या गळ्यातल्या स्कार्फमागे एवढी भांडणं आहेत.

'सर, वेळ नाही!'

यावर हरकती येणारच. पहिली वेळेची. कॅम्प चार-पाच दिवसांचा, त्यात आणखी एक दिवस कुठून आणायचा? आमचं उत्तर सरळ आहे, एक दिवस आधी निघा. कॅम्पनंतर थकून परतताना थांबण्यात अर्थ नाही. जाताना थांबा, डोकं ताजं असतं. दुसरी हरकत पैशांची. एक मुक्काम वाढला की खर्च वाढतो, हे मान्य. पण छिंदवाडा किंवा तामियाला साध्या ठिकाणी गाद्या टाकून झोपता येतं, आणि रॅशन तुमच्याबरोबर असतंच. तिसरी हरकत घरच्यांची आणि कॉलेजची. ती सर्वांत रास्त आहे. पोरं एकटी, घाटरस्ता, नेटवर्क नाही.

तिचं उत्तर वाद घालून मिळणार नाही, तयारी दाखवून मिळेल. दोन चालक असू द्या आणि दर दोन तासांनी बदला. अंधार पडल्यावर सिल्लेवानीचा आणि तामियाच्या पुढचा घाट करायचा नाही, हा नियम लिहून ठेवा आणि पाळा. टाकी छिंदवाड्याला भरा. तामियाच्या पुढे मोबाइलची रेंज जाते, म्हणून मॅप आधीच उतरवून घ्या आणि कागदी नकाशाही ठेवा. कुठल्या वेळी कुठे असाल ते घरी आणि सरांकडे लिहून द्या. धबधब्याजवळ 'फक्त एक फोटो' म्हणत शेवाळलेल्या दगडावर पाय टाकणारा ग्रुपमध्ये एक तरी असतो, त्याच्यावर नजर ठेवायला एकाला नेमा. प्रथमोपचाराची पेटी डिकीच्या तळाशी नको, हाताशी हवी. हे सगळं कागदावर आणून सरांसमोर ठेवलंत तर 'नाही' म्हणणं त्यांनाही जड जाईल.

ग्रुप मोठा असेल, पन्नास-साठ जणांचा, तर गाड्यांच्या नादी लागू नका. रेल्वेने पिपरियाला जाणंच शहाणपणाचं. मग हाच अभ्यास त्या वाटेचा करा. तिथेही नर्मदा आहे, देनवा आहे, घाट आहे.

आणि थांबे किती? आमच्या मते तीन. देवगड किंवा छिंदवाड्याचं संग्रहालय यातलं एक, तामिया किंवा पाताळकोट हे दुसरं आणि तिसरं कुठलंही, तुम्हाला वाटेत सापडलेलं. ते कुठल्याच यादीत नसावं. एखादा आठवडी बाजार, एखादी संत्र्याची बाग, नदीवरचा एखादा पूल. प्रत्येक थांब्याची जबाबदारी एकेका जोडीवर टाका. त्यांनी आधी वाचून यायचं, तिथे पाच मिनिटं बोलायचं आणि निघताना जागा आलो त्यापेक्षा स्वच्छ आहे ना ते बघायचं. आपला कचरा तर उचलायचाच, दुसऱ्याच्याही दोन बाटल्या उचलायच्या.

कॉलेजच्या युनिट लीडरना एक विनंती. कॅम्पच्या आराखड्यात 'प्रवास' असा एका ओळीचा उल्लेख असतो, त्याऐवजी या दिवसाला कॅम्पचा पहिला दिवस म्हणा. मुलांच्या लॉगबुकमध्ये त्याची पानं मागा, त्यावर प्रश्न विचारा. गुण देणार असाल तर यालाही द्या.

पुढच्या आठवड्यात ग्रुपवर तो स्क्रीनशॉट पुन्हा येईल, निळी रेषा आणि वर तास-मिनिटं. या वेळी अंगठा देण्याआधी एक ओळ टाईप करा, 'एक दिवस आधी निघायचं का? तीन ठिकाणं मी सुचवतो.' दोघे-तिघे नाक मुरडतील, एखादी 'डन' म्हणेल. तिला जोडीला घ्या, सरांकडे न्यायचा कागद दोघं मिळून तयार करा आणि गाडीवाल्या काकांना आजच फोन करून तारीख बदलून घ्या.